पहिला गनप्ला: कापणी, रंग आणि मॅट कोट

गनप्ला, म्हणजे रोबोचं प्लास्टिक मॉडेल, करायला घेतला की पहिला सल्ला हमखास एअरब्रश आणि कॉम्प्रेसरचा मिळतो. तो तूर्त कानाआड करा. पहिल्या किटला लागतं ते एक बरं निपर (तुकडे कापायची छोटी पक्कड), थोडा पॉलिश पेपर, एक रेघा मारायचं पेन आणि शेवटी मॅट कोट, म्हणजे चकाकी मारणारा पारदर्शक थर. ब्रशने रंगवायची हौस असेल तर तीही भागवता येते. ते पुढे सांगतो.

गंडम या जपानी मालिकेतल्या रोबोंची प्लास्टिक किट म्हणजे गनप्ला. मालिका १९७९ मध्ये जपानी टीव्हीवर आली, पण प्रेक्षक जमेनात म्हणून ठरल्यापेक्षा लवकर, ४३ भागांतच गुंडाळली गेली. पुढे पुनर्प्रक्षेपणात लोकांनी ती डोक्यावर घेतली. जुलै १९८० मध्ये बंदाईने पहिलं किट काढलं: १/१४४ प्रमाणातला आरएक्स-७८-२ गंडम, किंमत ३०० येन. ते गोंदाने चिकटवावं लागे आणि रंगही आपणच भरायचे. आता शिझुओकाच्या कारखान्यातून येणारं किट गोंदाशिवाय नुसतं दाबून बसतं, आणि बहुतेक भाग ज्या रंगाचा हवा त्याच रंगाच्या प्लास्टिकमध्ये साच्यातून निघतात. म्हणजे काहीच न रंगवता रोबो रंगीत उभा राहतो.

मग तरी तो खेळण्यासारखा का दिसतो? कापल्याच्या पांढऱ्या खुणा दिसतात, अंगावरच्या खाचा उठून दिसत नाहीत, आणि प्लास्टिक चकाकतं. आधी एवढ्याचाच बंदोबस्त करायचा. रंग त्यानंतर, आणि तोही वाटलं तर.

कोणतं किट घ्यायचं

बॉक्सवरची अक्षरं बघून गोंधळू नका. एचजी म्हणजे १/१४४, साधारण १२-१३ सेंटीमीटर उंचीचा रोबो. एमजी १/१०० असतो. १९९५ मध्ये आला, आत सांगाडा आणि बाहेर कवच, तुकडे पुष्कळ. पीजी १/६०, उंची फूटभर. आरजी १/१४४ च असतो, पण एमजीइतकं बारीक काम त्या लहान अंगात कोंबलेलं. २०१० पासून निघणारी ही आरजी किट दिसतात देखणी आणि नवख्याचा घाम काढतात. एसडी म्हणजे मोठ्या डोक्याचे बुटके रोबो. एंट्री ग्रेड सगळ्यांत सोपा: तुकडे हातानेच तोडून निघतात, निपरही लागत नाही. घरात आठ-दहा वर्षांचं मूल असेल तर त्याच्यासाठी तोच आणा.

तुमच्यासाठी मी एचजी झाकू सुचवीन. नायक गंडम पांढरा, लाल, निळा, पिवळा. पांढऱ्यावर प्रत्येक चूक दिसते आणि पिवळा रंग ब्रशला दाद देत नाही. झाकू मात्र फिका हिरवा, गडद हिरवा आणि करडा. कथेतही तो शत्रूपक्षाचा, घाऊक बनवलेला, चिखलात लोळलेला यंत्रसैनिक आहे. त्यामुळे रंग जरा विटका झाला किंवा डाग राहिला तर तो त्याला शोभतो. वाटेल तो रंग दिला तरी कुणी हरकत घेणार नाही; कथेत शत्रूपक्षाच्या शार या वैमानिकाचा झाकू लाल आहेच.

विकत घेताना बॉक्सवर बंदाई स्पिरिट्स हे नाव बघा (२०१८ पासून मॉडेल किटचा कारभार या कंपनीकडे आहे). तसंच दिसणारी स्वस्त नकली किट सर्रास मिळतात. त्यांचे तुकडे कधी सैल, कधी इतके घट्ट बसतात की खुंटी आतच मोडते. पहिल्याच अनुभवाला ते दुखणं नको.

हत्यारं

निपर प्लास्टिक कापायचंच घ्या. वायरमनची कटर-पक्कड तार तोडायला केलेली असते, तिची जाड धार प्लास्टिकला चिरडते. एका पात्याचे महाग जपानी निपर फार सुरेख कापतात, पण जाड भाग कापायला गेलं की त्यांचं नाजूक पातं तुटतं, म्हणून सध्या साधा दोन पात्यांचा पुरे. त्याशिवाय बारीक पात्याचा हॉबी नाइफ, टोकदार चिमटा, टूथपिक आणि कानात घालायच्या कापसाच्या काड्या.

पॉलिश पेपर हार्डवेअरच्या दुकानात ‘वॉटर पेपर’ म्हणून मागा: ४००, ८०० आणि १००० नंबर. लहान पट्ट्या कापून आइस्क्रीमच्या काडीला चिकटवल्या की झाली कानस. रंगवणार असाल तर मगरतोंडी क्लिपा लागतील. त्या हॉबीच्या दुकानात शोधत बसू नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सचं सामान मिळतं तिथे त्या ढिगाने असतात. बांबूच्या काड्यांना बांधल्या की सुटे तुकडे धरून रंगवता येतात.

आणि काम करताना पंखा बंद ठेवा. झाकूचे बारीकसारीक तुकडे उडून कपाटाखाली जातात.

कापणी

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. तुकडे ज्या चौकटीत अडकलेले असतात तिला रनर म्हणतात, आणि तुकड्याला रनरशी जोडणारी बारीक दांडी म्हणजे गेट. प्रत्येक रनरवर इंग्रजी अक्षर असतं, प्रत्येक तुकड्याला आकडा. पुस्तिका जपानीत असली तरी अक्षर, आकडे आणि चित्रं यांवर काम भागतं. मात्र चित्रातल्या छोट्या खुणा नीट बघा: हा तुकडा याच दिशेने बसवा, हे दोन वेळा करा, इथे आधी स्टिकर लावा. घाई करणारे नेमके तिथेच फसतात. सगळे तुकडे एकदम कापून ढीग करू नका, कारण कापल्यावर आकडा रनरवरच राहतो. ज्या पायरीला जे लागतं तेवढंच कापा.

कापायचं दोनदा. पहिल्यांदा तुकड्यापासून लांब, रनरजवळ. तुकडा मोकळा झाला की त्याला चिकटून राहिलेला दोन-तीन मिलिमीटरचा खुंट दुसऱ्यांदा कापायचा, निपरची सपाट बाजू तुकड्याकडे ठेवून. तरीही अगदी अंगालगत कापू नका, अर्धा मिलिमीटर राहू द्या. तुकडा रनरला जखडलेला असताना एकाच घावात अंगालगत कापलं की पात्याच्या जाडीने प्लास्टिक ताणलं जातं आणि पांढरं पडतं. गडद हिरव्यावर तो डाग लांबूनही दिसतो.

राहिलेला उंचवटा नाइफने पातळ काप काढत उतरवा. अंगठा पात्याच्या वाटेत नको. मग ४००, ८००, १०००, असे पेपर पाण्यात बुडवून फिरवा. ओल्या घासण्यात धूळ नाकात जात नाही आणि ओरखडेही बारीक पडतात. फक्त खुणेपुरतंच घासा. सपाट पृष्ठभागाच्या कडा गोल झाल्या की रोबो साबणाच्या वडीसारखा दिसू लागतो. पांढरा डाग उथळ असेल तर अंगठ्याच्या नखाने जोर देऊन चोळा, बऱ्याचदा जातो. राहिलेले बारीक ओरखडे मॅट कोटखाली झाकले जातात, तेव्हा आरशासारखी झिलई आणायच्या मागे लागू नका.

दोन अर्धे भाग जुळून एक हात किंवा पाय होतो तिथे मधोमध सांध्याची रेघ राहते, जुन्या एचजी किटमध्ये विशेष. ती घालवायची तर दोन्ही कडांना मॉडेलचं सिमेंट लावा, मिनिटभर थांबून दाबा. वितळलेलं प्लास्टिक रेघेतून किंचित बाहेर येईल. एक-दोन दिवस वाळू द्या आणि घासून सपाट करा. हे सिमेंट गोंदासारखं चिकटवत नाही. प्लास्टिक विरघळवून एकजीव करतं. त्यामुळे एकदा लावल्यावर भाग उघडणं विसरा, आणि आत हलता सांधा असेल तर तिथे थेंबही जाऊ देऊ नका. घासलेली जागा बाकीच्या प्लास्टिकपेक्षा वेगळी दिसते, म्हणून न रंगवणाऱ्यांनी या भानगडीत पडूच नये.

फट मोठी असेल तर रनरचे तुकडे सिमेंटच्या बाटलीत थोड्याशा सिमेंटमध्ये विरघळवून त्याच रंगाची लुगदी करता येते. एकूणच रनर फेकू नका. नवा रंग, नवा थिनर, नवा स्प्रे, काहीही आधी रनरवर लावून बघायचं.

जोडणी

याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही, चार-सहा तासांचं सुखाचं काम आहे. रंगवणार असाल तर मात्र आधी सैलसर जोडून बघा. खुंट्यांची टोकं निपरने तिरकी छाटली की भाग नंतर न मोडता उघडतात. झाकूच्या डोक्यातला एकुलता डोळा (एकडोळा) वगैरे फॉइलचे स्टिकर बोटाने लावू नका. चिमट्याने ठेवून टूथपिकच्या बोथट बाजूने मधून कडेकडे दाबत जा.

खाचांच्या रेघा

अंगावरच्या खाचांत गडद रंग भरला की सपाट प्लास्टिकला खोली येते. इतक्या कमी मेहनतीत इतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही. बारीक टोकाचा गंडम मार्कर घेऊन खाचेतून ओढा आणि बाहेर आलेली शाई खोडरबराने किंवा कापसाच्या काडीने पुसा. मार्करचा दुसरा प्रकार ओतायचा: टोक खाचेला नुसतं टेकवलं की पातळ शाई स्वतःच पुढे धावते.

रंग निवडताना एकच पथ्य पाळा. पांढऱ्यावर काळी रेघ मारू नका, करडी मारा, लाल-पिवळ्यावर तपकिरी, हिरव्या-करड्यावर काळी चालते. पांढऱ्या अंगावर काळ्या रेघा ओढलेला रोबो चित्रकलेच्या वहीतून उचलल्यासारखा दिसतो.

तामिया या जपानी कंपनीची इनॅमल रंगाची तयार बाटली खाचांत फार झकास वाहते, पण कच्च्या प्लास्टिकवर ती जपून वापरा. इनॅमलचा थिनर ताणलेल्या भागात शिरला की प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकतं. सांध्यांत वापरलं जाणारं एबीएस जातीचं प्लास्टिक त्यात सगळ्यांत नाजूक. रनरच्या पट्टीवर प्लास्टिकची जात पीएस, एबीएस, पीई अशी लिहिलेली असते, ते वाचायची सवय लावा. इनॅमल वापरायचंच असेल तर आधी ग्लॉस कोट (चकचकीत पारदर्शक थर) द्या, भाग सुटे असताना रेघा भरा, आणि वाहून जाईल इतकं ओतू नका.

ब्रशने रंगवायचं असेल तर

तीन जातींचे रंग भेटतात. लॅकर सगळ्यांत चिवट, पण वास उग्र, आणि त्याचा थिनर इतर सगळे रंग विरघळवतो. पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रेलिक घरात वापरायला सोयीचे. इनॅमल हळू वाळतं, म्हणून बारीक कामाला आणि रेघांना बरं. एकावर एक द्यायचे झाले तर चिवट रंग खाली: लॅकरवर अ‍ॅक्रेलिक, त्यावर इनॅमल. उलट केलंत तर खालचा रंग वर येतो.

फ्लॅटमध्ये, ब्रशने, पहिल्यांदाच रंगवणाऱ्याने स्पॅनिश व्हॅयेहोसारखे पाण्याचे मॉडेल-अ‍ॅक्रेलिक घ्यावेत. तामियाचे अ‍ॅक्रेलिक एअरब्रशला उत्तम. ब्रशने दुसरा हात मारताना मात्र खालचा हात उचलून आणतात. चित्रकलेचे, कॅनव्हासवरचे अ‍ॅक्रेलिक इथे चालवू नका; गुळगुळीत प्लास्टिकवरून ते नखाने सोलून निघतात.

सुटे भाग भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवा (सिंकमध्ये चाळणी ठेवा, नाहीतर तुकडे मोरीत जातील) आणि पूर्ण वाळवा. साच्याचं तेल आणि हाताचा घाम राहिला तर रंग धरत नाही. मग प्रायमर, म्हणजे रंग धरावा म्हणून खाली द्यायचा थर. तो स्प्रेनेच द्यावा लागतो असं नाही, ब्रशने लावायचा पाण्याचा प्रायमरही मिळतो. खुंट्या आणि त्यांची भोकं रंगवू नका. रंगाच्या जाडीने भाग बसत नाहीत, आणि जोर केला की फुटतात.

रंग बाटलीतून थेट लावायचा नाही. थोडं पाणी घालून दुधाइतका पातळ करा. पहिला हात दिल्यावर प्रायमर आरपार दिसेल, ठिकठिकाणी डाग पडतील, अगदी रडवेलं दिसेल. दिसू द्या. अर्धवट वाळलेल्या रंगावर ब्रश परत फिरवायचा मोह आवरा. ब्रशचे ओरखडे पडतात ते तिथेच. वीस-तीस मिनिटांनी दुसरा हात आडव्या दिशेने, मग तिसरा उभा. हिरव्याला तीन हात पुरतात. पांढऱ्या-पिवळ्याला चार-पाच लागतात, त्यांच्याखाली गडद प्रायमर नको. पाच-सहा मिलिमीटर रुंदीचा मऊ सिंथेटिक चपटा ब्रश मोठ्या भागांना, शून्य नंबरचा गोल ब्रश बारीक कामाला.

हवा इथे तुमच्याशी खेळते. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे रंग ब्रशवरच वाळून जातो. तिथे डब्याच्या झाकणात ओला टिश्यू, त्यावर बेकिंगचा कागद ठेवून त्यावर रंग काढा, तासन्‌तास ओला राहतो. गरज पडली तर रिटार्डरचा (रंग सावकाश वाळवणाऱ्या द्रावाचा) एखादा थेंब. कोकणात जुलैत उलट: हात वाळतच नाही, बोटाचे ठसे उमटतात. रात्रभर झाकून ठेवण्याला पर्याय नाही.

सगळंच रंगवायला हवं असंही नाही. फिका हिरवा प्लास्टिकचाच ठेवून बंदुकीला गनमेटल (गडद धातूचा रंग), नळ्यांना करडा, पाठीवरच्या नोझलना आतून लाल, एवढं केलं तरी झाकू वेगळा दिसतो. माझं मत विचाराल तर पहिल्या किटला हेच करावं.

रंग वाळला की ग्लॉस कोट, मग रेघा, मग डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायची अक्षरं-खुणांची पातळ चित्रं. खडबडीत मॅटवर डेकल लावली तर खाली हवा अडकून रुपेरी चमक दिसते, म्हणून हा क्रम.

मळवणं

स्वच्छ झाकू म्हणजे शोरूममधला ट्रक. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा तोडून त्याला गडद तपकिरी रंग लावा, बराचसा कागदावर टिपून टाका आणि उरलेला कडांवर हलकेच टेकवा. उडालेल्या रंगाचे टवके दिसतात. मग जवळजवळ कोरड्या ब्रशवर चांदी रंग घेऊन कोपऱ्यांवरून फिरवा. गुडघे, ढालीची कड, पायांचे अंगठे, जिथे खरोखर घासलं जाईल तिथेच. सगळीकडे सारखं केलं की लबाडी कळते.

पायांच्या धुळीसाठी परदेशी पिगमेंटच्या बाटल्या महाग मिळतात. त्यांतला लाल मातीचा रंग बहुधा लोहाच्या ऑक्साइडचाच असतो, आणि तेच आपल्या गेरूत आहे. गेरू वस्त्रगाळ करून मऊ ब्रशने पावलांवर आणि पोटऱ्यांवर झटका, कोकणच्या लाल मातीतून चालून आलेला झाकू तयार. वरून मॅट कोट दिला की तो बराचसा टिकतो, थोडा फिका होतो, म्हणून आधी किंचित जास्त लावा.

मॅट कोट

चकाकी मारली की प्लास्टिक प्लास्टिक वाटत नाही. न रंगवलेल्या किटलासुद्धा हा हात द्याच. आधी पारदर्शक भाग आणि एकडोळा काढून ठेवा. मॅटने ते धुरकट होतात.

मॅट कोटच्या स्प्रेचा डबा दोन-तीन मिनिटं हलवा. वीस-तीस सेंटीमीटर अंतरावरून, तुकड्याच्या बाहेर फवारा सुरू करून तुकड्यावरून नेऊन बाहेरच थांबवा. हात पातळ, दोन किंवा तीन, मध्ये पंधरा मिनिटं. एका जागी रेंगाळलात की ओघळ येतो.

दमट हवेत फवारू नका. द्रावक उडून जाताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि ओल्या थरात अडकून पांढुरकी बुरशी आल्यासारखं दिसतं. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, गोवा इथे जून ते सप्टेंबर हा धोका रोजचा. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ऑनलाइन स्वस्तात मिळतं. आकडा सत्तरच्या वर असेल तर डबा कपाटात ठेवा. पावसाळ्यातच संपवायचं असेल तर ब्रशने लावायचं पाण्याचं मॅट व्हार्निश आणा. आणि पांढरं पडलंच तर घासत बसू नका. कोरडा दिवस बघून त्याच कोटचा एक हलका हात पुन्हा द्या, द्रावकाने खालचा थर मऊ होऊन अडकलेली ओल बहुतेक वेळा निघून जाते.

फवारणी गच्चीत किंवा मोकळ्या बाल्कनीत, वारा पडलेला असताना. धुळीचा एन-९५ मास्क द्रावकाच्या वाफा अडवत नाही. रंगारी वापरतात तो कार्बनच्या कार्ट्रिजचा मास्क घ्या. गॅस, उदबत्ती, सिगारेट जवळपास नको. स्प्रेचे डबे आणि लॅकर ज्वालाग्राही असल्यामुळे विमान टपालाने येत नाहीत, तेव्हा जपानहून किट मागवताना ते त्याच पार्सलात मिळतील असं धरू नका. देशातल्या हॉबी दुकानात आधी चौकशी करा.

कोट दिल्यावर एक दिवस हात लावू नका. मग सांधे जोडा, एकडोळा आणि पारदर्शक भाग परत बसवा, आणि सांधे पहिल्यांदा वाकवताना सावकाश. घट्ट वाटलं तर उघडून आतल्या बाजूचा रंग ८०० च्या पेपरने उतरवा. ठेवायची जागा उन्हापासून दूर हवी, पांढरं प्लास्टिक उन्हाने पिवळं पडतं. धूळ मऊ मेकअप ब्रशने झटका. ओलं फडकं गेरूही घेऊन जाईल.